होडीत विचारलेला प्रश्न

वर्सोवा,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सपना,

तुझ्या क्लासच्या पत्त्यावर पत्र पाठवताना शाळेत बाकाखालून चिठ्ठी सरकवल्यासारखं वाटतंय. पण तूच म्हणालीस ना, सासरी एकच धड चालणारा मोबाईल, तोही तुझ्या नवऱ्याचा, नितेशचा, आणि त्यावर काही आलं की जो जवळ असेल तो मोठ्याने वाचून दाखवतो! तेव्हा ही मावसबहीण पोस्टाच्या पेटीपर्यंत चालायला तयार आहे.

तुझ्या लग्नात मावशीने सगळ्यांना सांगितलं की माधुरी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करते. ते काहीतरी म्हणजे मोबाईलवरचे खेळ. सध्याचा खेळ एका संस्थेसाठी आहे, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. मूल कधी हवं, ते नको असेल तोवर काय वापरायचं, ते कुठे मिळतं आणि आपल्या माणसाशी हे बोलायचं कसं, एवढंच त्यात आहे. याची पत्रकं छापून झालीत गं. लोक त्यांत भजी बांधतात.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून खाडी दिसते. खाली बोंबील वाळत असतात आणि मढला जाणारी फेरीबोट दिवसभर ये-जा करते. एका दुपारी जेवण झाल्यावर माझा डोळा लागला. मला दिसलं की मी त्या बोटीत एकटीच बसलेय, वल्ही मारणारी बाई भाडं मागत नाहीये, नुसतं विचारतेय, "तुला काय हवंय?" आणि मी उत्तर शोधते तोवर समोरचा किनारा उजळत चाललाय. जागी झाले आणि सम्यकला म्हटलं, खेळ सापडला. सम्यक आमचा प्रोग्रॅमर. स्वप्न मी बघायचं आणि चालवायचं त्याने, अशी वाटणी आहे.

तर खेळात संध्याकाळ संपतच नाही. होडीत बसायचं, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मग अलीकडच्या काठावरची थोडी कामं: दवाखान्यातल्या सिस्टरशी बोलायचं, मेडिकलमध्ये जायचं, आपल्या माणसाला सांगायचं. काही राहिलं तर होडी हळूच मागे वळते. कोणी ओरडत नाही, कोणी हरत नाही.

तू एकोणीसची, लग्नाला पाच महिने झालेले. तुझ्याइतकं खरं मत मला कोण देणार? खेळून बघ, मोबाईलवर कसा उतरवायचा ते मागे लिहिलंय. नितेशलाही दे. लाजू नकोस. किंवा लाज, पण खेळ.

तुझी,
माधुरीताई

मुलुंड,
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

क्लासमध्येच, डब्याच्या सुट्टीत लिहितेय. आज आम्हाला रक्ताची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिली. ताई, काय सुंदर दिसतं गं! गुलाबी ठिपके आणि मध्येच जांभळी फुलं, जणू कुणी बोटभर जागेत रांगोळी काढलीये. मॅडमनी हाक मारली तरी मला वर बघवेना. मला लॅब टेक्निशियन व्हायचंच आहे. हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं आणि नितेश हो म्हणाला होता.

आई, म्हणजे सासूबाई, तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता बोलतात. "कोर्स काय, पुढच्या वर्षी पण होईल. आधी पाळणा हलूंदे." घाटकोपरला, आमच्या भटवाडीत जी बाई दारात येते ती माझ्या पोटाकडे बघून मग तोंडाकडे बघते. आई वाईट नाहीत. माझ्या डब्यात सगळ्यात मोठा माशाचा तुकडा त्याच घालतात. पण दिवस गेले तर माझा कोर्स गेला हे नक्की. मला दुसरी भीतीच नाही आता.

खेळ घेतला. त्याच्यावर होडीचं चित्र आहे म्हणून आईंना वाटतं होडीचाच गेम आहे. होडीतल्या बाईने विचारलं, "तुला काय हवंय?" मी खालची सगळी उत्तरं दोनदा वाचली. मग 'आधी शिक्षण, मूल नंतर' हे उत्तर निवडलं. पलीकडच्या काठावर एका खिडकीत दिवा लागला. ताई, मला रडू आलं. मोबाईलच्या गेममध्ये कोण रडतं?

मग मी मोबाईल नितेशच्या हातात दिला. माझं उत्तर तिथे तसंच होतं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "असं आहे होय?" बस, एवढंच. पण पाच महिन्यांत या विषयावर आम्ही बोललेलं हे पहिलं वाक्य. आता रोज कामावरून आला की तो होडी चालवतो.

सपना

वर्सोवा,
५ डिसेंबर २०२४

प्रिय सपना,

तुझी गुलाबी रांगोळी वाचून सम्यकने खेळातल्या दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक ठेवला. डोळा लावला की फुलं दिसतात. त्याचा काहीच उपयोग नाही, पण तो म्हणाला, असू दे.

आता अडचण ऐक. आम्ही बऱ्याच मुलांना खेळ दिलाय आणि सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, मेडिकलच्या दुकानात, जिथे कंडोमचं पाकीट मागायचं असतं. मुलं आत जातात, एका बाजूला उभी राहतात, काही दाबत नाहीत, बराच वेळ तशीच उभी राहतात आणि खेळ बंद करतात. मला वाटलं बटण सापडत नाहीये. बटण मोठं केलं. सम्यकला वाटलं दुकान रटाळ आहे. त्याने काउंटरवर मांजर बसवलं. दुकान ओकंबोकं दिसू नये म्हणून तीन गिऱ्हाईकंही आधीपासून उभी आहेत: एक आजोबा, एक बाई आणि कॉलेजची एक मुलगी. तरी कुणाचं मन रमत नाही. संस्थेचे लोक पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. वाट लागलीये आमची.

नितेश तिथे काय करतो ते जरा बघून सांगशील?

माधुरीताई

मुलुंड,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

तुम्ही दोघं एवढे शिकलेले आणि मांजर बसवलंत! मी आणि नितेश पोट धरून हसलो.

अगं, तो वाट बघतोय. ती तीन माणसं जायची वाट. काल त्याने मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसून अख्खं जेवण केलं. मधूनमधून बघायचा, गेली का? नाही गेली. आजोबा तिथेच, बाई तिथेच. शेवटी वैतागून म्हणाला, "काय यार, यांना घरदार नाही का?" लोकांसमोर ते पाकीट कोण मागतं, ताई? दुकान रिकामं झाल्याशिवाय कोणीच मागत नाही. तुमच्या दुकानात गर्दी हलतच नाही, मग मुलं बिचारी कधीपर्यंत उभी राहणार!

आता खरी गंमत सांगते. नितेश खऱ्या दुकानातही हेच करतो. मागायला म्हणून जातो, कोणीतरी मागून येतं, मग हा म्हणतो, "खोकल्याच्या गोळ्या द्या." आमच्या फळीवर खोकल्याच्या गोळ्यांचा ढीग झालाय आणि घरात खोकला कुणालाच नाही. आईंनी तो ढीग बघितला आणि त्यांना वाटलं, पोराचा खोकला हटत नाहीये, सांगत नाही बिचारा. आता रोज संध्याकाळी त्याला काढा. अडुळसा, मिरी, सुंठ, सगळं घालून. तो तोंड वाकडं करतो आणि आई म्हणतात, "पी मेल्या, कडू तेवढा गुणाचा." आणि हा पितो! खरं सांगायची लाज, म्हणून काढा पितो. मी शेगडीकडे तोंड करून हसते.

हसते, पण तोवर मी रोज कॅलेंडर बघत असते. ते हसण्यासारखं नाही.

सपना

वर्सोवा,
२१ डिसेंबर २०२४

माझी शहाणी सपना,

तुझं पत्र सम्यकला वाचून दाखवलं. तो खुर्चीतून पडायचाच राहिला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मी पण वाट बघायचो. मी बँडेज पट्ट्या घ्यायचो." असा आमचा प्रोग्रॅमर. आणि आम्ही महिनाभर बटणं मोठी करत होतो.

तो म्हणाला, गर्दी थोड्या वेळाने निघून जाऊ दे. मी नाही म्हटलं. खरी गर्दी कुठे जाते? दोन दिवस मी त्या तिघांकडे बघत बसले, खिडकीतून भरतीकडे बघतो तशी. आणि एकदम लक्षात आलं की ती तिघंही वाटच बघतायत! आजोबांना काहीतरी मागायचंय, बाईला मागायचंय, मुलीलाही. खेळणाऱ्यासकट चौघंही एकमेकांच्या जाण्याची वाट बघतायत. आता खेळात असं होतं की तू तोंड उघडून मागितलंस की मुलगी धीर करून तिचं मागते, मग बाई, मग आजोबा घसा साफ करतात. दुकानातला दिवा मोठा होतो आणि दारापाशी पाणी येऊन होडी लागते.

एक गोष्ट खेळाबाहेरची. खेळ म्हणजे डॉक्टर नव्हे. तुम्ही दोघं पालिकेच्या दवाखान्यात जा, सिस्टरना सगळे पर्याय विचारा. गोळ्या घ्यायच्या तर रोज न चुकता घ्याव्या लागतात, कुणाला मानवतात, कुणाला नाही. तुला काय योग्य ते त्या तपासून सांगतील. पाकिटं तिथे फुकटही मिळतात.

नवीन खेळ पाठवतेय. त्यात तुझ्यासाठी एक गंमत लपवलीये. सापडली की सांग.

माधुरीताई

मुलुंड,
६ जानेवारी २०२५

ताई गं,

त्याने मागितलं!

नवीन दुकान त्याने एका रात्रीत खेळून संपवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, चल. मी दुकानाबाहेर भाजीवाल्यापाशी उभी राहिले. आत दोन बायका आणि एक काका होते. नितेशचे कान लाल झालेले मला बाहेरून दिसत होते. मग त्याचा आवाज आला, जरा जास्तच मोठा, "कंडोमचं पाकीट द्या." आभाळ कोसळलं नाही. दुकानदाराने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळ्या पिशवीत घातलं, आणि मागची बाई म्हणाली, "झालं असेल तर सरका हो भाऊ." खेळातल्यासारखा दिवाबिवा काही मोठा झाला नाही. पण घरी येताना आम्ही उगाच लांबचा रस्ता घेतला.

मग दवाखान्यातही गेलो. सिस्टरनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. नितेशने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

आता झोप शांत लागते. काल स्वप्नात मी होडीतच होते आणि मांडीवर परीक्षेचं पुस्तक होतं. पाणी इतकं स्वच्छ की तळाला गुलाबी ठिपके दिसत होते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. मी बसणार, ताई. मला आता खरंच वाटायला लागलंय की मी बसणार.

तुझी गंमत अजून सापडली नाही.

तुझीच सपना

घाटकोपर,
१९ जानेवारी २०२५

ताई,

तुझी गंमत आईंना सापडली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नितेश मोबाईल घरी विसरून गेला. दुपारी आई होडी बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, करमणूक होतेय, होऊ दे. खेळात काठावर एक घर आहे आणि तिथे एक आई मुलाला काढा पाजते, हे मला कुठे माहीत होतं! 'पी मेल्या, कडू तेवढा गुणाचा.' ताई, हे वाक्य जगात दुसरं कोण बोलतं? त्या उठल्या, फळीवरच्या खोकल्याच्या गोळ्या काढल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे बघितलं.

नितेश आल्यावर त्यांनी विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मोबाईल कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मला एवढंच म्हणाल्या, "घरातलं हसू बाहेर नेलंस." चार दिवस झाले, क्लासला जाऊ का हे विचारायची मला हिंमत नाही. त्याही जा म्हणत नाहीत. प्रॅक्टिकल बुडतायत.

मी तुला विश्वासाने लिहिलं होतं. तू मला न विचारता माझं घर लोकांच्या हातात दिलंस. बाईला काय हवंय ते विचारणारा खेळ करतेस, मग मला का नाही विचारलंस?

आता क्लासवर पत्र पाठवू नकोस. मी तिथे नसेन.

सपना

नाहूर,
२४ जानेवारी २०२५

आदरणीय सुगंधाकाकू,

तुमच्या सुनेच्या, सपनाच्या मावसबहिणीचा, माधुरीचा नमस्कार. हे पत्र मुद्दाम तुमच्या घरच्या पत्त्यावर, तुमच्याच नावाने लिहितेय. आता चोरून काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

काढ्याची गोष्ट सपनाने मला हसत आणि मायेने लिहिली होती. ती खेळात घातली मी, तिला न विचारता. मला ती गोड वाटली, दुसरं काही सुचलंच नाही. पण कुणाच्या स्वयंपाकघरातलं वाक्य असं उचलायचं नसतं. तो भाग आम्ही काढून टाकला आहे. माझं चुकलं, काकू. मला मनापासून लाज वाटतेय.

तुम्ही माझ्यावर रागवा. इथे नाहूरला माझ्या घरी येऊन दोन थोबाडीत मारा. पण माझ्या चुकीपायी तिचा कोर्स बुडू देऊ नका. ती काचेवरच्या रक्ताच्या थेंबाकडे बघते तशी मी आजवर कशाकडेच बघितलेलं नाही. तिला मूल नको आहे असंही नाही. तिला ते नंतर हवं आहे.

तुमची,
माधुरी

घाटकोपर,
४ फेब्रुवारी २०२५

माधुरीस सुगंधाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. माझ्या नावाने घरात पत्र आलं त्याला किती वर्षं झाली ते मला आठवतसुद्धा नाही. पोस्टमनने दोनदा नाव विचारलं. मी सातवी शिकलेली आहे, अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

पहिलं म्हणजे, काढ्यात मी गूळ घालत नाही. तुझ्या खेळातली बाई चांगला मोठा खडा घालते. गूळ घातला तर तो काढा कसला, चहा झाला. भाग काढलास तर काढ, पण परत घालशील तर नीट घाल.

मला राग आला होता. पोरगा खोटं खोकतो आणि मी सुंठ कुटते, आणि हे परकी मुलं बघून हसणार. मोबाईल कपाटात ठेवला तो रागानेच. दुसऱ्या दुपारी सगळी बाहेर गेली तेव्हा काढला, तोही रागानेच. म्हटलं, आणखी काय काय लिहिलंय माझ्याबद्दल ते तरी बघू. पण ती होडीवाली बाई मध्येच आडवी आली. तुला काय हवंय म्हणते.

मी आधी तिला शिवी घातली. मग उत्तरं वाचली. शिक्षण, मूल, नोकरी, वेळ. आणि शेवटी एक उत्तर होतं, 'अजून माहीत नाही'. मी अठराची असताना लग्न झालं आणि वर्षाच्या आत नितेश झाला. गिरणी बंद पडलेली, यांना काम नाही, आणि मी ओली बाळंतीण. नितेश नको होता असं नाही हां. तो माझा जीव आहे. पण हवा आहे का, कधी हवा आहे, माका कोणी इचारूकच नाय. आईने नाही, सासूने नाही, यांनी पण नाही. विचारलं असतं तर कदाचित मी हेच सांगितलं असतं की होऊ दे. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या दुपारी मी खूप रडले. तुझ्या खेळात ते पाणी सारखं हलत असतं, त्याने जास्तच होतं.

मोबाईल नितेशला देऊन टाकला. सपनाला क्लासला जा म्हणून सांगायला मात्र माझी जीभ उचलेना. सासूची जीभ असते, लवकर वळत नाही.

परवा रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, इतकी गोजिरी दिसत होती की मीच तिची दृष्ट काढली. चाळीतल्या सगळ्या बाया जमल्या. माझ्या मोठ्या जावेने तिची ओटी भरली आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गो सुगंधा, कधी करतस आमका आजी?" सगळ्या हसल्या. अशा वेळी उत्तर सासूनेच द्यायचं असतं. देवाची इच्छा म्हणायचं, हसायचं आणि सुनेने मान खाली घालायची. माझ्या सासूने असंच केलं होतं, मी मान अशीच घातली होती. शब्द अगदी ओठावर आले होते.

मी म्हटलं, "माका कित्या इचारतस? तिका इचार."

जाऊ हसायची थांबली. माझी थट्टा समजून तिने खरंच विचारलं, "सांग गो सपना, कधी?" सपनाने आधी माझ्याकडे बघितलं. मी हातातली वाणाची डबी पुसत बसले, तिला खूण केली नाही, काही नाही. डबी कधीच चकचकीत झाली होती, तरी मी पुसतच होते.

"काकी, माझा कोर्स पुरा झाल्यावर," ती म्हणाली. "आम्ही दोघांनी ठरवलंय. एप्रिलमध्ये माझी परीक्षा आहे आणि उद्यापासून मी परत क्लासला जाणार आहे."

माझ्या सुनेचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.

सुगंधा